उलट्या तोंडाची जागा

शशीताईंना मदत करायला गेलेल्या माणसाला आधी ओरडा खावा लागायचा. तोही साधासुधा नाही, गणिताच्या बाईंचा. "आधी डोकं लावा, मग हात लावा," हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य.

आमच्या ह्यांनी तो पहिल्याच दिवशी खाल्ला. कारखान्यातल्या नोकरीपायी आम्ही सांगली सोडून भोपाळला आलो होतो आणि आनंद नगरातल्या इमारतीत सामान चढवत होतो. तळमजल्यावर राहणाऱ्या बाई व्हीलचेअरवरून आल्या आणि फाटकाच्या पायरीशी अडल्या. हे मोठ्या उत्साहानं धावले, खुर्चीच्या दोन्ही हातांना धरलं आणि दिला जोर. खुर्ची होती तिथंच राहिली आणि तिचा एक हात उपसून ह्यांच्या मुठीत आला. हे तो घेऊन उभे, चेहरा असा की जिवंत माणसाचाच हात उपटलाय. बाईंनी वळून बघितलं. ट्रंकेवरचं आमचं आडनाव त्यांनी आधीच वाचलेलं असणार, कारण सरळ मराठीत म्हणाल्या, "इंजिनिअर ना तुम्ही? मग तो लावून देता, की घरी नेता?"

मी जिन्यात बसून हसले. लग्नानंतर ह्यांना इतकं चपखल कुणी बोललं नव्हतं. आमची मैत्री तिथंच झाली.

त्या दिवसानंतर मला त्यांच्या खुर्चीवरच्या लाल नाड्या दिसू लागल्या. जुन्या परकराच्या नाड्या, सांगाड्याला चार ठिकाणी घट्ट बांधलेल्या. "खुर्चीचा हात निघतो, पाय ठेवायची फळी निघते, चाकसुद्धा निघतं. लोक नेमकं निघणारंच धरतात," त्यांनी सांगितलं. "म्हणून नाड्या. नाडी दिसेल तिथं धरायचं, बाकी कुठं हात लावायचा नाही. वीणा, मला आजवर कुणी वाईटपणानं पाडलेलं नाही गं. जेव्हा जेव्हा पडले, मदतीनं पडले."

पोलिओ लहानपणीच झालेला. अर्धं आयुष्य कुबड्यांवर काढलं, मग ही खुर्ची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कणीक मळता मळता, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. दंड मात्र पैलवानाचे होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीतल्या स्टुलावर, सगळं त्या दोन हातांवर. सलवार-कुडता घालायच्या आणि ओढणी कमरेशी गाठ मारून बांधायच्या, चाकात जाऊ नये म्हणून. सकाळी चहा अर्धाच कप. शाळेतल्या बाथरूमला दोन पायऱ्या होत्या, त्यामुळे संध्याकाळी घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. उन्हाळ्यातसुद्धा! भोपाळचा मे महिना ज्यानं काढलाय त्यालाच हे कळेल. मी चिडले की म्हणायच्या, "अगं, उंटाचं शिक्षण झालंय माझं."

शाळा बिट्टन मार्केटच्या अंगाला आणि घर रायसेन रोडला, म्हणजे गावाची दोन टोकं. त्या जायच्या बसनं. एकट्या. आणि ह्या एकाच गोष्टीवरून त्या घरात रोज खटका उडायचा.

धाकटा भाऊ माधव, त्याच कारखान्यात. लग्न केलं नव्हतं, बहिणीसाठी नाही केलं असं लोक म्हणायचे, तो स्वतः कधी म्हणाला नाही. भला माणूस. त्याचं म्हणणं एकच, महिन्याची रिक्षा लावू. त्यावर शशीताई भडकायच्या. "रिक्षात मी जात नाही, मला घालतात. दोघं उचलणार, आत कोंबणार, खुर्ची मिटून माझ्याच अंगावर टाकणार. बसमध्ये मी माझ्या खुर्चीत बसून चढते, माझी मी जाते. माझ्यात आणि पोत्यात काही फरक ठेवशील की नाही?"

"ताई, एक दिवस तुझ्यासाठी दवाखान्यात धावायची वेळ येईल माझ्यावर," माधव म्हणायचा.

शेवटी एका रात्री जेवताना तडजोड झाली. मीही तिथं होते, आमटी वाढत. शशीताईंनी ताटावरचा हात उचलला आणि म्हणाल्या, "ज्या दिवशी मी बसमध्ये पडेन त्या दिवशी बस सोडीन. पुन्हा तोंडातून ब्र काढणार नाही. पण तोवर तूही काढायचा नाहीस." माधवनं मान हलवली. मला आपलं बरं वाटलं, रोजची कटकट मिटली म्हणून. पण त्या क्षणापासून त्यांचं सगळं जाणंयेणं त्या एका न पडण्यावर उभं राहिलं.

आता ती लाल बस. खालच्या तळाची, मधल्या दाराशी उघडायचा उतार असलेली. कागदावर बघाल तर सगळं छान. उतार फुटपाथला टेकला की खुर्ची सुळकन आत. पण ड्रायव्हर बस उभी करणार रस्त्याच्या मधोमध, पळण्याच्या तयारीत. शशीताई थांब्यावरून हात करायच्या, "भैया, पास लाओ, टिकाओ! दूर से आरती मत उतारो!" अख्खा थांबा हसायचा. मग बस कुरकुरत कडेला यायची. मग उतार. त्यावर चिखल आणि गुटख्याच्या पुड्या इतक्या साचलेल्या की कंडक्टर म्हणणार, "मॅडम, ये खुलता नहीं है." शशीताई पिशवीतून लोखंडी आकडा काढून त्याच्या हातात द्यायच्या. "खुलता है. कल भी खुला था." पुढं पुढं तो स्वतःच मागायचा, "लाइए आकडा."

आत दाराच्या समोर त्यांची जागा. खिडकीवर खुर्चीचं चित्र काढलेलं, तेवढ्यानं काय होतंय! हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी तिथं कांद्याची पोती, लग्नसराईत कुणाची तरी कपाटं. "ये किसका है? ये बैठेगा यहाँ? इसका टिकट है?" त्या पोत्याकडे बोट दाखवून विचारायच्या. पोतं हलायचं. भोपाळचे लोक गोड, ढकलतानासुद्धा 'आप' म्हणून ढकलतात.

आणि ह्या गोडव्याचीच मोठी पंचाईत होती. त्या जागी एक उभी गादीची फळी असते. खुर्चीची पाठ तिला लावून बसायचं, म्हणजे तोंड बसच्या मागच्या बाजूला आणि पाठ ड्रायव्हरकडे. आपल्या लोकांना हे बघवत नाही. एक बाई, तीही अपंग, वर उलटी बसवलेली! पहिल्या दोन थांब्यांत कुणी ना कुणी भला माणूस उठायचाच. "बहनजी, आप उल्टी बैठी हैं, चक्कर आ जाएगा. सीधा कर दूँ?" विचारता विचारता हात खुर्चीला गेलेलासुद्धा. शशीताई शाळेच्या आवाजात, "हाथ हटाइए!" आणि मग तिथंच तास सुरू. "ब्रेक लगा तो आप सब आगे गिरेंगे. मेरे पीछे दीवार है, मैं कहाँ जाऊँगी?" खरंच ब्रेक लागला आणि उभी माणसं एकमेकांवर कोसळली की त्या फळीला टेकलेल्या, मजेत भुवया उडवायच्या. मला म्हणायच्या, "सगळी बस मला दिसते. कोण झोपलंय, कोण भांडून आलंय. वर्गात उभी असल्यासारखं वाटतं."

फळीशेजारी भिंतीला एक पट्टा होता, वळणावर खुर्ची सरकू नये म्हणून मांडीवरून घ्यायचा. पट्टा होता, बकल नव्हतं. कुणी काढून नेलं देव जाणे. शशीताई दोन टोकांची गाठ मारायच्या. "हे काही खरं नाही," असं प्रत्येक वेळी पुटपुटायच्या, आणि त्या बकलासाठी त्यांनी जे काही केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

एकदा मला घेऊनच गेल्या बसवाल्यांच्या ऑफिसात. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. साहेब खाली उतरून आले, केवढे उपकार! चहा मागवला. शशीताईंनी तो घेतला नाही, कारण बाथरूम वर. त्या बकलाचं सांगत होत्या आणि साहेब हात जोडून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, आप तो हम सबकी प्रेरणा हैं," आणि शिपायाला मोबाइल देऊन त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. शशीताई फोटोत हसल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रेरणा को बकल चाहिए, साहब."

"लग जाएगा, लग जाएगा. वैसे ऐसी सवारी इस रूट पर आप अकेली ही हैं."

"अकेली हूँ, क्योंकि बाकी सब घर में बैठी हैं."

साहेबांनी मान डोलवली, फार छान बोललात अशी. परत येताना मी वाटभर त्या साहेबाला शिव्या घातल्या. मी सांगलीकडची, मला असल्या गोडबोल्यांचा मनस्वी संताप येतो, सरळ भांडणारा परवडला. शशीताई म्हणाल्या, "त्याला वाटलं मी सत्कार घ्यायला आले." बकल काही आलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. बसमध्ये गर्दी झाली की उभ्या बाया आपलं मूल बसलेल्या बाईच्या मांडीवर ठेवतात, ओळख असो नसो. विचारायचंही नसतं. शशीताई तर कायमच्या बसलेल्या, तेव्हा प्रत्येक गर्दीत त्यांच्या मांडीवर कुणाचं तरी पोर असायचंच. बाकी कुणी खुर्चीला हात लावला तर अंगावर धावून जाणारी ही बाई पोर आलं की विरघळायची. त्याच्या बोटांवर एक दोन तीन मोजायची, नाक पुसायची. एकदा एका पोरानं कुडता ओला केला तर म्हणाल्या, "चला, कुणीतरी बसमध्ये मोकळेपणानं केली." मला वाटतं, त्या सगळ्या गर्दीत त्यांना अपंग न समजणारी तेवढीच होती. पोरांच्या दृष्टीनं ती मांडी होती, बस्स.

त्या दिवशी हाट होता. मी भाजीला गेले होते आणि परतीला शाळा सुटल्यावरच्या त्यांच्याच बसमध्ये चढले. मी मागच्या दाराशी लोंबकळत, त्या त्यांच्या जागेवर फळीला टेकलेल्या, तोंड माझ्याकडे. पट्ट्याची गाठ मारलेली. मला बघून त्यांनी माझ्या पिशवीतल्या मेथीकडे बोट दाखवून भाव विचारला, खुणेनंच. मग एक तरुण बाई चढली, कडेवर वर्ष-दीड वर्षाची मुलगी. तिनं मुलगी शशीताईंच्या मांडीवर ठेवली आणि गर्दीच्या रेट्यानं ती पुढं ड्रायव्हरपाशी ढकलली गेली.

मुलीला आई दिसेना. आई पुढं, हिचं तोंड मागं. आधी ओठ काढले, मग जो टाहो फोडला म्हणता! शशीताईंनी मोजणी केली, टाळ्या वाजवल्या, कशालाच दाद नाही. मुलगी अंग टाकून मान उलटी करून आईला शोधत होती. पुढून आई ओरडत होती, "गुड़िया, मैं यहाँ हूँ!" आवाज येतोय आणि आई दिसत नाही म्हटल्यावर ती आणखीच कासावीस झाली.

बस थांब्यावर उभी होती. शशीताईंनी गाठ सोडली. मी बघत होते आणि मला वाटलं काहीतरी पडलं असेल, ते उचलताहेत. मग त्या शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "भैया, जरा घुमा दीजिए. माँ की तरफ."

बसला जणू सणच झाला. चार हात पुढं आले. "हाँ हाँ, सीधा करो, मैं तो कब से कह रहा था!" खुर्ची फिरली. मुलीला आई दिसली आणि रडणं टपकन थांबलं. हुंदके देत देत ती हसली आणि सगळी बस हसली. शशीताईंची पाठ आता माझ्याकडे होती. त्यांनी चाकांचे ब्रेक लावले, पट्ट्याची दोन टोकं हातात घेतली. पण गाठ मारायला दोन हात लागतात आणि मुलगी उभी राहायला लागली, म्हणून डावा हात तिच्याभोवती गेला. उजव्या हातानं त्या ते टोक कुठंतरी अडकवायला बघत होत्या. बस निघाली होती. एक रिक्षा आडवी आली.

उभी माणसं दांड्यांना लोंबली, काही एकमेकांवर आदळली. शशीताईंनी हातातला पट्टा टाकून दुसरा हातही मुलीभोवती घातला, आणि खुर्चीतून पुढं उडाल्या. सावरायला त्यांनी हात टेकलाच नाही. उजव्या खांद्यावर पडल्या. खुर्ची वरून आली.

मुलीला ओरखडा नव्हता. त्यांच्या छातीशी होती, बिचारी दचकून रडायचंसुद्धा विसरली होती.

लोक धावले. धावणारच, भली माणसं. चार जणांनी चार बाजूंनी खुर्ची धरली आणि तिचा हात उपसून आला. खाली पडलेल्या शशीताई, चेहरा पांढराफटक, त्याही अवस्थेत ओरडल्या, "लाल डोरी! लाल डोरी पकड़ो, गधो!" मी गर्दी फाडून पोचले तेव्हा त्या आईनं त्यांचे पाय धरले होते. "दीदी, मेरी वजह से हुआ." शशीताई दात आवळून म्हणाल्या, "तुम्हारी वजह से नहीं. गाँठ की वजह से."

दवाखान्यात माधव आला. त्यालाही ते जेवणाच्या ताटावरचं वचन आठवत असणार. शशीताईच म्हणाल्या, "माधवा, पडले रे." एवढंच. मी बाहेर जाऊन रडले. खांदा मोडला म्हणून रडले असते तर बरं, खांदा भरून येतो.

तोही नीट भरला नाही. उजवा हात छातीच्या वर जाईना, जोर देता येईना. आता पलंगावरून खुर्चीत जायलासुद्धा दुसरं माणूस लागायचं. शाळा सुटली. इमारतीत सगळे एका सुरात, "हट्टी हो फार! कुणी सांगितलं होतं बसनं जायला?" बकलाचं नाव कुणी काढीना. मी त्या ऑफिसात एकटी गेले, चांगली तोंड सोडायला गेले. साहेब तितकेच गोड. "बहुत दुख हुआ. पर नियम तो उल्टा बैठने का है. मॅडम ने ख़ुद घुमवाया."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा वाटलं शशीताई पेटतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं आहे त्याचं. मीच फिरवली." मग म्हणाल्या, "पण वीणा, दाराला लोंबकळणारी पोरं रोज चुकतात. मोबाइल बघत दांडी सोडणारे चुकतात. त्यांना कुणी घरी नाही गं बसवत. मला एकदासुद्धा चुकायची सोय नव्हती."

दुपारी मी खाली जाऊन बसायची. मी बसनं कुठं जाऊन आले की पहिला प्रश्न ठरलेला, "आज माझ्या जागेवर काय होतं?" मी सांगायची, कांदे होते, कूलर होता, कुणाचं तरी पिंप होतं. एकदा त्यांचं तोंड फारच उतरलेलं दिसलं म्हणून म्हटलं, जागा रिकामी होती. "निदान वार तरी बघायचा खोटं बोलताना," त्या म्हणाल्या. "हाटाच्या दिवशी रिकामी राहतेय होय!" आणि दोघीही हसलो. पट्ट्याचं त्या विचारत नसत, मीही सांगत नव्हते. दोन टोकं तशीच लोंबत होती.

माधव निवृत्त झाला तेव्हा त्यानं उज्जैनला चुलतभावांजवळ घर घेतलं आणि एक छोटी मोटार. ज्या सकाळी ते निघाले त्या सकाळी खाली सगळी इमारत जमली होती. माधवनं मोटार दाराशी आणली. शशीताईंना उचलायला तिघं-चौघं पुढं झाले आणि एकानं सवयीनं खुर्चीचा हात धरला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आता ओरडतील, मग ओरडतील. त्या गप्प. मान खाली घालून, कुणी कुठंही धरा अशा. मला ते सहन झालं नाही. मीच किंचाळले, "नाडी दिसते तिथं धरा! डोळे फुटले का?" त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

माधवच्या शेजारच्या सीटवर त्यांना ठेवलं. खुर्ची मिटून मागं टाकली. ह्यांनी खुर्चीचा तो हात दाबून दाबून पक्का बसवला होता, निरोपाचं म्हणून तेवढंच जमलं त्यांना. मी खिडकीशी वाकले.

"ताई, पट्टा," माधव म्हणाला आणि लावून द्यायला वाकायला लागला.

"थांब." त्यांनी डावा हात खांद्यापाशी नेला, पट्टा ओढला, अंगावरून घेतला आणि उजव्या कुशीशी टोक खाली दाबलं. खट्ट झालं. त्या त्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते सोडवलं आणि परत लावलं. पुन्हा खट्ट.

"वीणा," त्या म्हणाल्या, "एका हातानं होतं गं हे."

माधवनं गाडी सुरू केली.